पाव्हण्यांची धिरडी

सासूबाई गेल्या त्याला आता महिना होत आला. जावयाने सासूसाठी इतकं हळवं व्हावं हे लोकांना जरा चमत्कारिक वाटतं, म्हणून मी कोणाशी बोलत नाही. तसाही मी कमीच बोलतो. शाळेच्या वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात दिवस जातो. बोलता येत नाही ते लिहून पाहावं म्हणून रोज संध्याकाळी बसतो, पण चार ओळींच्या पुढे जात नाही.

त्या आठवल्या की आधी त्यांचे दुधी किसणारे हात दिसतात.

माझी बायको कावीळ होऊन गेली तेव्हा आमची मुलगी सव्वा वर्षाची होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. गंगापूर रोडला तेव्हा इतकी वस्ती नव्हती. आमच्या दोन भाड्याच्या खोल्या, मागे पेरूची झाडं आणि त्यापलीकडे मळे. दुधी, लाल भोपळा, पालक मळ्यातूनच मिळे. बायको या भाज्यांची धिरडी करून मुलीला भरवायची. नुसती भाजी तोंडात घातली की मुलगी ती जिभेने बाहेर लोटायची. पिठात कालवून तव्यावरून आली की तीच भाजी मिटक्या मारत खायची. वरण-भात नको, दूध तर लांबून पाहूनच तोंड फिरवायची. तव्यावर चर्र झालं की मात्र जिथे असेल तिथून रांगत यायची.

बायको गेली आणि घरातला तवा उतरला. माझी आत्या गावाहून आली होती. सुतकात तवा चढवायचा नाही, फोडणी द्यायची नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. शेजाऱ्यांकडून पिठलं-भात येत होता, आम्ही मोठी माणसं दोन घास गिळत होतो. मुलगी काही खाईना. भात भरवला की थुंकायची. रडून रडून मग नुसती कण्हायची. कोणी म्हणे आईला शोधते आहे, कोणी म्हणे दृष्ट लागली. ती भुकेली होती, एवढंच मला दिसत होतं, आणि माझ्याने बोलवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई उठल्या, न्हाल्या आणि फळीवरचा तवा काढून घासायला बसल्या.

"अहो विहीणबाई, हे काय?" आत्या म्हणाली. "दहा दिवस व्हायचेत अजून."

"दहा दिवस तुम्हाला," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झालेली लेक. तिचं सुतक आईबापांना तीनच दिवस. माझं काल संपलं."

"पण घराला आहे ना सुतक!"

"मग घराबाहेर ठेवते."

आणि खरोखरच त्यांनी वातीचा स्टोव्ह उचलून मागे पेरूखाली नेला. आत्या दारात उभी राहून पुटपुटत राहिली, पण आडवी आली नाही. जी बाई आपल्या लेकीचं दुःख तीन दिवसांत विसरली असं वरवर दिसत होतं, तिच्या पाठीकडे मी खिडकीतून पाहत होतो. पाठ हलत होती. दुधी किसताना पाठ हलतेच, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

धिरड्याचा वास आला आणि मुलगी कण्हायची थांबली. सासूबाईंनी तुकडा आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहिला, मग तिच्या तोंडात दिला. तिने खाल्ला. पुन्हा तोंड उघडलं. सासूबाई भरवत होत्या आणि तोंडाने काहीतरी म्हणत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. त्या माझ्या बायकोचं नाव घेऊन म्हणत होत्या, "खा, बाई, खा."

तेरावं झाल्यावर मुलीला देवळाली कॅम्पला न्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. तिथे सासऱ्यांचं शिंप्याचं दुकान होतं, गणवेश शिवायचे. मी म्हणालो, "मला धिरडी करायला शिकवा. मी सांभाळतो तिला."

 "बाप्या माणसाला जमतंय का ते?" एवढंच म्हणाल्या. पण माझी उन्हाळ्याची सुट्टी संपत येईपर्यंत राहिल्या आणि शिकवलं.

दुधी किसणीच्या बारीक बाजूने किसायचा आणि त्याचं पाणी पिळून टाकायचं नाही, त्यातच पीठ भिजवायचं. भोपळा आधी वाफवून कुस्करायचा. पालक अगदी बारीक चिरायचा, नाहीतर धागा घशात अडकतो. ज्वारीचं पीठ, बांधायला मूठभर बेसन, भाजून कुटलेलं जिरं. मिरची नाही, मीठ नावाला. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, मग पीठ घालायचं, झाकण ठेवायचं. झाकणाने ते वाफेत शिजतं आणि मऊ राहतं. कडा कुरकुरीत होतात त्या कापून आपण खायच्या, मधला मऊ भाग लेकराचा.

मी हे सगळं कागदावर उतरवायला लागलो तर त्या वैतागल्या. "अहो पाव्हणे, धिरडं तव्यावर आहे, कागदावर नाही! करपलं ना!"

सासरी मला सगळे पाव्हणेच म्हणत. नाव कोणी घेत नसे. जावयाला आमच्याकडे तसंच म्हणतात, त्यात काही विशेष नव्हतं.

पहिल्या आठवड्यात माझी बोटं किसणीवर सोलली गेली आणि निम्मी धिरडी तव्याला चिकटली. मग जमू लागलं. एके सकाळी मुलीने माझ्या हातचं अख्खं धिरडं खाल्लं आणि आणखी मागितलं. मी आनंदाने सासूबाईंकडे पाहिलं. "जमलं की तुम्हाला," त्या म्हणाल्या. दुपारी त्यांनी आपली पिशवी भरली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कळलं की धिरडी येणं पुरेसं नाही. दिवसभर मुलीला सांभाळणारं कोणी नव्हतं. मी स्वतःच तिला देवळालीला नेऊन पोचवलं. थोडे दिवस, असं म्हणालो होतो. ते थोडे दिवस दोन वर्षं चालले.

दर रविवारी बसने जायचो. मळ्यातला दुधी, कधी भोपळ्याची फोड, थंडीत गाजरं पिशवीत असत. गेल्यावर हातपाय धुऊन मी सरळ स्टोव्हपुढे बसायचो. शेजारच्या बाईला याची फार मजा वाटे.

"काय गं बाई, जावई चुलीपुढं आणि सासू पाटावर! आमच्या जावयाला तर पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो."

"तुमचा जावई तुम्हाला, माझा मला," सासूबाई म्हणत. "या, खाऊन बघा. तुमच्या घावनापेक्षा मऊ आहे."

मुलगी माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहायची. चालायला लागली होती, मग बोलायला लागली. त्या घरात माझे मेहुणे सासूबाईंना आई म्हणत आणि सासऱ्यांना बाबा. ऐकून ऐकून तीही तसंच म्हणू लागली. मला त्यात वावगं दिसलं नाही. आई म्हणायला तिला कोणीतरी मिळालं, असंच वाटलं.

ती साडेतीन वर्षांची व्हायच्या बेतात होती. एका रविवारी मी कोपऱ्यावरून येताना तिने मला ओट्यावरून पाहिलं आणि आत पळत ओरडली, "आई, पाव्हणे आले! पाव्हणे आले! आता धिरडं!"

शेजारची बाई खो खो हसली. मेहुणे हसले. मीही हसलो. लहान मूल, घरात जे ऐकतं तेच म्हणणार. सासूबाई हातातला तांब्या घेऊन दारात आल्या, त्या हसत नव्हत्या.

"पाव्हणे नाही म्हणायचं," त्या मुलीला म्हणाल्या. "बाबा म्हण."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांची चूक तिला समजावून सांगायची होती.

"बाबा तर दुकानात आहेत," ती म्हणाली.

त्या दिवशी मी धिरडी केली, तिने खाल्ली, कडा मी खाल्ल्या. चव आठवत नाही. संध्याकाळी निघताना सासूबाई बाहेरपर्यंत आल्या.

"पुढच्या रविवारी घेऊन जा तिला."

"दिवसा कोण बघेल?"

"तुमच्या खालच्या घरात त्या लेकुरवाळ्या बाई आहेत, त्यांच्याशी बोला. बोलला नाहीत अजून, मला माहीत आहे. तुम्ही कोणाशी बोलत नाही." मग म्हणाल्या, "आणखी एक वर्ष गेलं तर ती येणार नाही तुमच्याकडे. माझ्यानंही सोडवणार नाही."

पुढच्या रविवारी तिचे कपडे धुऊन घडी घालून तयार होते. बसमध्ये मुलगी "आई, आई" म्हणून असा आक्रोश करत होती की बायका माझ्याकडे संशयाने पाहू लागल्या. सासूबाई खिडकीखाली उभ्या होत्या. बस सुटायच्या आधीच त्या वळल्या आणि चालू लागल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या गर्दीत गेल्या, मागे पाहिलं नाही. त्या दिसेनाशा झाल्यावर मुलीचा आवाज हळूहळू बसला.

त्या आमच्याकडे येतील असं मला वाटलं होतं. मी निरोप पाठवले. सासऱ्यांनी एकदा येऊन सांगितलं, "ती म्हणते, मी आले की पोरगी पुन्हा माझी होईल. राहू द्या." नंतर कळलं, त्या काळात त्यांनी घरात धिरडं केलं नाही. मेहुण्यांनी मागितलं तर म्हणायच्या, पीठ संपलंय.

दिवाळीला आल्या. मुलगी माझ्या मागे लपली. मधल्या महिन्यांत ती मला बाबा म्हणू लागली होती. दिवसभर ती खालच्या घरी असायची, तिथल्या मुलांच्या बाबांसारखाच मीही एक बाबा झालो होतो. त्या मुलांची कवळी लावणारी एक आजी होती, तेव्हा समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाईला काय म्हणायचं हे तिने स्वतःच ठरवलं.

"आजी, तू दात लावतेस का?"

 सासूबाईंनी तोंड उघडून दात दाखवले. "माझेच आहेत. ओढून बघ." मुलगी हसत पुढे आली. मी धिरडी करायला आत गेलो, कारण मला तिथे उभं राहवेना. त्यांनी दोन खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

नंतरची वर्षं सरळ गेली. सुट्टीत आजीकडे जावं, आंबे खावे, परत यावं. मुलगी आता दहा वर्षांची आहे. शाळेत जाते, पुस्तकं वाचते, माझ्यासारखी हळू बोलते. ती दोन वर्षं तिला आठवत नाहीत. सासूबाईंनी कधी आठवण करून दिली नाही आणि मलाही नको म्हणून बजावलं होतं.

महिन्यापूर्वी निरोप आला आणि आम्ही देवळालीला गेलो. बाहेरच्या खोलीत सासूबाईंभोवती बायका बसल्या होत्या. नुकतीच लग्न होऊन आलेली मेहुण्यांची बायको पुढे झाली. "नात आली, जरा सरका," ती म्हणाली आणि भिंतीकडे चुलत नातवंडं बसली होती तिथे मुलीला जागा करून दिली. पुढे, उशाशी, लेकीसुना बसल्या होत्या. तिला पुढे बसवा, असं म्हणावंसं मला फार वाटलं. पण का, हे तिथे कोणाला सांगणार? सासरे आणि मेहुणे बाहेर पुरुषांत होते. शेजारची बाई हयात होती, पण तिला आता दिसत नव्हतं.

मी दाराशी उभा होतो. थोड्या वेळाने मुलगी उठून माझ्याजवळ आली. तिने माझे डोळे पाहिले आणि घाबरली. बाही ओढून मला खाली वाकायला लावलं आणि कानाशी म्हणाली, "बाबा, मला रडू येत नाहीये. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.