आठवीच्या मुलांची खालची ओळ

आमच्या शाळेच्या संगीतबाई पहिलीच्या वर्गाला गाऊच देत नाहीत. पोरं नुसत्या टाळ्या वाजवतात, पाय आपटतात, आणि शेजारच्या वर्गात गणित शिकवताना माझं डोकं उठतं. तिसरीपर्यंत त्यांना सूर सापडतो, पाचवीत ती कीबोर्डवर बसतात आणि सहावीत स्वतःच चाली लावून मधल्या सुट्टीत सगळ्या मजल्याला छळतात. बाईंना विचारलं तर म्हणतात, आधी अंगात ताल मुरू दे, मग गळ्याला कामाला लावू.

घोडं अडायचं ते आठवीत. मुलांचे आवाज फुटतात, मुली हसतात, आणि मुलं तोंड शिवून बसतात. दरवर्षी हेच. यंदा मुख्याध्यापकांनी बाईंना स्पष्टच सांगितलं: वार्षिक कार्यक्रमात आठवीची मुलं गायली नाहीत, तर त्या वर्गाचा संगीताचा तास बंद. तो तास गणिताला, म्हणजे मला मिळणार होता. मी मनातल्या मनात खूश.

बाईंनी मात्र कंबर कसली. एकेकाला कीबोर्डपाशी उभं करून त्याचा आवाज कुठवर उतरतो, कुठे फाटतो ते पाहिलं. मग मुलांसाठी खालच्या पट्टीतली, चारच सुरांची वेगळी ओळ बांधली. मुली वर गाणार, मुलं खाली. तालमीत मुलं नुसती पुटपुटायची आणि बाईंचा चेहरा उतरायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पडद्याआड उभा होतो. मुलींनी सुरुवात झकास केली. मुलांची ओळ आली आणि पहिल्याच सुराला एकाचा आवाज चिरकला. सभागृह हसलं. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण ते पोरगं थांबलं नाही, उलट दुप्पट जोरात गायला लागलं, आणि त्याच्यामागून सगळेच! काय सांगू, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वर मुलींचा आवाज आणि त्याखाली हा नवाकोरा, भरदार आवाज. आपलीच पोरं ही, यावर विश्वास बसेना.

मुख्याध्यापक धावतच आत आले. तास कायम, म्हणाले. बाई डोळे पुसत होत्या, पण कामाला पक्क्या.

"मग नववीलाही एक तास द्या," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे त्यांना आवाज आलाय."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. नववीत मोकळा तास नव्हता, गणिताचे मात्र भरपूर होते.

"गुरुवारचा माझा घ्या," मी म्हणालो. त्या भरात कोणी मागितला असता तर शुक्रवारचाही देऊन टाकला असता.