आमच्या व्याह्यांचं विसरणं

माणसांचा एवढा अभ्यास केलेला आणि माणसांत गेल्यावर एवढा गडबडून जाणारा गृहस्थ आमच्या व्याह्यांखेरीज सोलापुरात दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. माझी लेक त्यांच्या घरी दिली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण मी त्यांना व्याही म्हणून कधी हाक मारली नाही. सगळे म्हणतात तसं मीही सरच म्हणतो. मंगळवेढ्याच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर मानसशास्त्र शिकवलं. सकाळी सोलापुरातून एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं आणि जाता-येता गाडीतल्या माणसांकडे बघत बसायचं, हा त्यांचा परिपाठ. खिडकीची जागा रिकामी असली तरी ते घेत नसत. बाहेर नुसती ज्वारी आहे, बघण्यासारखं सगळं आत आहे, असं म्हणायचे. मी सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. माझा माणसांशी संबंध आला तो टेबलापलीकडून, आणि तोही लवकरात लवकर संपावा अशा इच्छेनं. त्यामुळे या विद्वानाशी आपलं कसं जमणार याची मला लग्नाआधीच धास्ती होती.

ती धास्ती पहिल्याच भेटीत खरी ठरली. मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा आमच्या हिनं खपून उप्पीट केलं होतं, वर ओलं खोबरं, काजू, सगळं. सरांनी ताटली हातात घेतली, वास घेतला आणि खाली ठेवली. मला घाम फुटला. त्यांनी मग शांतपणे समजावलं की ज्याचं आपण खातो त्याला नकार देणं मनाला जड जातं, घेतलेल्याची परतफेड करायची ओढ प्रत्येकाला असते, तेव्हा उप्पीट खाऊन दिलेला होकार काही खरा धरता येणार नाही. आधी निर्णय, मग उप्पीट. त्यांच्या शेजारी आमच्या विहीणबाई बसल्या होत्या. त्यांना मी ताई म्हणतो. त्यांनी एव्हाना निम्मी ताटली संपवली होती. ताई अक्कलकोटाकडच्या, मैंदर्गीच्या. त्या म्हणाल्या, 'मला पोरगी दारातच आवडली. तुमचं चालू द्या.' सरांनी मुलीला चार प्रश्न विचारले, मुलाला गॅलरीत नेऊन त्याच्याशी कुजबुजले, होकार दिला आणि गार झालेल्या उप्पिटाच्या दोन ताटल्या चाटूनपुसून खाल्ल्या.

लग्नात त्यांनी मानपान बंद केला. रूढी म्हणजे समूहानं व्यक्तीवर टाकलेला दबाव, तो कुणीतरी मोडायलाच हवा, असं त्यांनी मला कार्यालयाच्या दारात सांगितलं, आणि मुलीचा बाप म्हणून मला ते फारच पटलं. पण मैंदर्गीहून आलेल्या मुलाच्या मामांना पटलं नाही. ते म्हणाले, 'दाजी, ते तुमचं समदं कॉलेजात. हितं टावेल-टोपी पायजे. चार मान्सांत मी काय सांगू?' यावर सरांनी नरमाईनं घ्यावं की नाही? ते उलट खूश झाले. माझा दंड धरून म्हणाले की बघा, 'चार माणसांत' म्हणाला, हाच तो दबाव. तोवर मामा बाहेर टेम्पोत जाऊन बसले होते. घरून येतानाच ताईंनी टॉवेल-टोपी पिशवीत घालून आणली होती, ती घेऊन त्या टेम्पोपाशी गेल्या आणि भावाला हाताला धरून परत घेऊन आल्या. त्या घराची रीत अशी होती. माणसं कशी वागतात हे सरांना माहीत, आणि माणसांशी कसं वागायचं हे ताईंना. कुणाला कोणती चटणी आवडते, कुणाची सून बाळंत व्हायची आहे, कुणापुढे कुणाचं नाव काढायचं नाही, हे सगळं ताईंच्या ध्यानात असायचं. सरांना स्वतःच्या मेहुण्याचं गाव आठवायला वेळ लागायचा.

निवृत्तीनंतर सरांचा वर्ग सुटला आणि मी सापडलो. एकदा ते मला एसटी स्टँडवर घेऊन गेले आणि जेवणाच्या सुट्टीसाठी बंद असलेल्या चौकशीच्या खिडकीपुढे उभं राहा म्हणाले. मी पुढे, ते मागे. थोड्याच वेळात आमच्या मागे एक पिशवीवाले आजोबा लागले, मग दोन बायका, मग कॉलेजची पोरं. एका बाईनं विचारलं, ही रांग कशाची? सर उत्तर देणार तोच आजोबांनी ठामपणे सांगितलं की सवलतीच्या पासची. सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. दुसरा उभा आहे म्हणून तिसरा उभा राहतो, हे ते पुस्तकातून शिकवत आले होते, आज ते स्टँडवर त्यांच्यापुढे उभं होतं. पण गंमत इथं संपली नाही. खिडकी बंद आहे, घरी जा, असं सरांनी स्वतः सांगितलं तरी रांग हलेना, उलट मधे घुसू नका म्हणून लोक त्यांच्यावरच ओरडले. शेवटी आतल्या बाईंनी गर्दी बघून डबा अर्धा ठेवला आणि खिडकी उघडली. आता काहीतरी विचारणं भाग होतं. मी मागे वळून बघितलं तर सरांचा चेहरा पडलेला. ते पुढे झाले आणि त्यांनी मंगळवेढ्याची गाडी किती वाजता आहे असं विचारलं. ज्या गाडीनं त्यांनी आयुष्यभर नोकरी केली ती गाडी.

ताणावर त्यांचं विशेष प्रेम. ताण प्रसंगात नसतो, प्रसंगाला आपण काय समजून बसतो त्यात असतो, हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता मला त्याचाच ताण येतो. माणूस ताणात आहे की नाही हे ते खांद्यांवरून ओळखत. खांदे कानांकडे चढलेले दिसले की ओळख असो नसो, दोन्ही हातांनी खाली दाबत. नवी पेठेत रिक्षा गर्दीत अडकली असताना त्यांनी मागून हात घालून रिक्षावाल्याचे खांदे दाबले. तो बिचारा म्हणाला, 'काका, खांदा सोडा, मंग गाडी हालवतो.' सरांच्या मते त्यालाही त्यानंतर बरं वाटलं असणार. मी त्याला विचारायला थांबलो नाही.

इथवर सगळं ठीक होतं. अलीकडे मात्र सर जास्तच बिघडले असं आम्हा सगळ्यांना वाटू लागलं. एकदा आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो, ताईंनी चहा आणला, पहिल्याच घोटाला कळलं की चहात साखरेऐवजी मीठ आहे. आम्ही तसाच पीत राहिलो. सरांनी एक घोट घेतला, आमच्याकडे बघितलं आणि घाईनं म्हणाले की मीठ मीच घातलंय, पाहुणे भिडेखातर काय काय पितात ते बघायचं होतं. ताईंनी कपाळाला हात लावला आणि त्यांना आमच्यादेखत झापलं. मग एका रविवारी त्यांनी आम्हाला शेंगापोळ्या खायला बोलावलं. गेलो तर ताई दारातच म्हणाल्या की अगंबाई, आज इकडे कसं येणं केलंत? आतून सर ओरडले की तुला सांगायचंच मी विसरलो. आम्ही भजी खाऊन परत आलो. पुढे तर कहर झाला. त्यांच्या घरात गॅसवर भांडं जळून धूर झाला, शेजारी धावले, आणि सरांनी त्यांना सांगितलं की माणसं मदतीला किती वेळात येतात ते मी तपासत होतो. शेजारी भयंकर चिडले. सोसायटीच्या बैठकीत सरांवर चर्चा झाली आणि सरांनी मान खाली घालून माफी मागितली. शिवाय ते ताईंना एकटं सोडेनासे झाले. दाढी करायला सलूनमध्ये गेले तरी ताई बाकावर बसलेल्या. म्हातारपणी प्रेमाला भरती आलीय असं म्हणून आमची ही हसायची.

एक दिवस पुण्याहून लेकीचा फोन आला. ती आणि जावई दोघंही तिथं नोकरीला आहेत. ती रडवेली झाली होती. म्हणाली, सासऱ्यांचं विसरणं वाढलंय, ते वेड्यासारखे वागतात, त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, ते फक्त तुमचं ऐकतील. असलं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये. मी सरांना आणि ताईंना संध्याकाळी तलावावर फिरायला नेलं. ताई आणि आमची ही पुढे गेल्या, आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो, आणि मी आढेवेढे न घेता सांगून टाकलं की तुमची तपासणी करून घ्यायला हवी.

सर पाण्याकडे बघत म्हणाले, 'तपासणी झालीय, पाव्हणे. माझी नाही. हिची.'

मला आधी काही उमगलंच नाही. मग त्यांनी एकेक सांगितलं. मीठ ताईंनी घातलं होतं. पोळ्या करते, पाव्हण्यांना बोलवा, असं ताईच म्हणाल्या होत्या आणि रविवार उजाडेपर्यंत विसरल्या होत्या. गॅसवरचं भांडंही त्यांचंच. डॉक्टरांनी दिवाळीच्या सुमारास निदान केलं, हे हळूहळू वाढत जाणार असं सांगितलं. ताईंनाही सांगितलं. त्या दोन दिवस रडल्या आणि मग रडण्याचं कारणच विसरल्या.

'कुणालाच का सांगितलं नाही?' मी विचारलं.

'माणसावर एकदा चिठ्ठी चिकटली की लोक चिठ्ठीच वाचतात. उद्या हिनं एखादी गोष्ट बरोबर सांगितली तरी लोक एकमेकांकडे बघतील. हिनं आयुष्यभर माणसं धरून ठेवली हो. ती माणसं हिच्याशी लहान पोराशी बोलल्यागत बोलायला लागतील, ते मला बघवणार नाही. माझं काय, मला आधीपासूनच सर्किट म्हणतात. त्यात थोडी भर.'

आणि भर पडणं सोपं होतं, असंही ते म्हणाले. माणूस काहीतरी विचित्र वागला की तो स्वभावानंच तसा आहे असं आपण धरून चालतो, त्याच्या भोवती काय चाललंय ते कुणी विचारत नाही. हे ते दरवर्षी पोरांना शिकवायचे. लोक तसेच आहेत म्हणून तर इतके दिवस निभावलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगत आलात की ताण एकट्यानं वाहू नये, वाटून घ्यावा. ते म्हणाले, 'शिकवलं की. पण वाटायला जावं तर हिचं नाव सांगावं लागतं.' एवढं बोलून सर रडायला लागले. मी आयुष्यात कुठल्या पुरुषाला जवळ घेतलं नव्हतं, माझ्या भावालाही नाही. त्या दिवशी कट्ट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, त्यांना जवळ घेतलं. मला त्यांचा रागही आला होता, आणि त्यांच्यावर इतकी माया कधी आली नव्हती.

भांड्याचा धूर आठवून मी एका गोष्टीवर अडून बसलो की मुलाला आणि सुनेला हे सांगायचंच. त्यांनी अट घातली की आमच्या दोन घरांबाहेर काही जाता कामा नये, आणि घरातही कुणी ताईंशी आवाज बदलून बोलायचं नाही. जावई लगेच आले, बापाच्या गळ्यात पडले, गॅस काढून विजेची शेगडी बसवून गेले. आता लेक आणि जावई आळीपाळीनं येऊन इथूनच काम करतात. गावासाठी मात्र बिघडलेले सरच आहेत. देवळात कुणी कीव केली की सर आणखी थोडे गोंधळल्यासारखं करतात. अलीकडे मीही त्यांना साथ देतो. ताईंनी कुणाला एकच प्रश्न पुन्हा विचारला की मला ऐकू आलं नव्हतं म्हणून सांगतो. माझे कान गेलेत अशी आता बोलवा आहे.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. सर चहा टाकायला आत गेले. ताईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, 'भाऊ, तुमाला म्हणून सांगते. यांचं आता काय खरं न्हाय. लई विसरायला लागलेत. मी हाय तंवर सांभाळते की. पण माझ्यामागं तुमी लक्ष द्या. लोकं काय बी बोलत्यात, त्यांना कमीपणा वाटंल असं कुणी बोलू नये, एवढंच बघा.'

कसाबसा 'बरं ताई' म्हणालो. मान वर केली तर सर कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढे आले, कप खाली ठेवले. ताईंनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, 'कोण आलंय बघा. वळखलं का?'

सरांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

'नाही गं,' ते म्हणाले. 'कोण?'

ताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, 'हे आपल्या सूनबाईचे वडील. आपले व्याही. ध्यानात ठेवा.' एक शब्द चुकला नव्हता.

'ठेवतो,' सर म्हणाले. मग त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला, आणि मीही खुर्चीतून उठून त्यांना नमस्कार केला.