गज्जूदादांचा रेट

कॅफेत वाजवायला आले की गज्जूदादा ड्रमला हात लावण्याआधी काउंटरवर जाऊन कॉफी विकत घ्यायचे. मालक म्हणायचा, "दादा, आपसे पैसे लेंगे क्या?" दादा नोट काउंटरवर ठेवायचे, बिल मागायचे आणि ते मालकाच्या नाकासमोर धरून शांतपणे विचारायचे, "मैंने तुम्हारी कॉफी फोकट में मांगी क्या?" मालक हसायचा. दादा हसायचे नाहीत. दोन घोट घेऊन कप तिथेच ठेवून द्यायचे, कारण कॉफी त्यांना मुळात आवडायचीच नाही.

मी बँकेच्या बदलीवर नाशिकहून जबलपूरला आले तेव्हा ते साठीला टेकले होते. फॅक्टरीतली नोकरी संपली होती, ड्रम सुटला नव्हता. उंच, सुकलेले, मनगटं मात्र पैलवानासारखी. राइट टाउनमधलं ते कॅफे आयुष नावाच्या तरुणाचं होतं. भिंतींवर रंगवलेल्या गिटारी आणि कोपऱ्यात एक लाकडी चौथरा. शनिवारी संध्याकाळी तिथे गावातले बँड वाजवायचे. मोबदला म्हणून सगळ्यांत मिळून एक पिझ्झा आणि आयुषच्या फोनवरचा व्हिडिओ. "एक्सपोजर मिल रहा है ना," हे आयुषचं ठरलेलं वाक्य. बोलायला तो फार गोड होता.

नवीन गावात ओळखी व्हाव्यात म्हणून मी एका शनिवारी गिटार घेऊन तिथे वाजवलं. उतरले तर हे गृहस्थ समोर उभे.

"मराठी दिसता. बँकेत आहात म्हणे?"

"हो."

"पगार वेळेवर होते?"

"होतो की."

"मग इथं फुकट वाजवून दुसऱ्याच्या पोटावर काहून पाय देऊन राहिल्या?"

मी गडबडले. छंद म्हणून वाजवते, असं काहीतरी म्हणाले.

"छंद घरी करा. तुमच्या छंदाच्या भावात यानं माझी मजुरी बसवली." जायला वळले, पुन्हा थांबले. "हात चांगला आहे तुमचा, म्हणून बोललो. वाईट असता तर नुकसान कमी झालं असतं."

त्या रात्री मला त्यांचा फार राग आला. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या बँडमध्ये होते.

आम्ही तिघं होतो. दादा, मी आणि गाणारी कीर्ती. कीर्ती घमापुरची, दादांच्याच गल्लीतली. घरचे वर्ध्याकडचे, ती मराठी सगळं समजायची आणि अर्धं हिंदीत उत्तर द्यायची. बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिचा आवाज लागला की कॅफेतले लोक चमचे खाली ठेवायचे. दादांनी तिचं कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नाही. तालीम चालू असताना ते म्हणायचे, "सूर सापडला नाही तर गप राह्य. लोकांना वाटेल मुद्दाम थांबली." ती रडवेली व्हायची. मग तिला स्कूटरवर मागे बसवून घरी सोडायचे, आणि ती फाटकातून आत जाईपर्यंत गाडी बंद करून उभे राहायचे.

एकदा तालमीनंतर आशाकाकूंनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, पोहे केले होते. खाता खाता दादा वडिलांबद्दल बोलले. वडील कमानिया गेटजवळच्या एका लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे. "बँडमालक मजुरी द्यायचाच नाही. म्हणायचा, वरातीत लोकं नोटा ओवाळतात, त्या तुमच्या. लोकं नवरदेवावरून नोट ओवाळायचे अन् बापाच्या पायाशी टाकायचे. तो गळ्यात ताशा घेऊन वाकायचा. म्हातारा झालता, गुडघे गेलते, तरी वाकायचा. वाकताना ताल चुकू द्यायचा नाही." कीर्तीनं विचारलं, "और गिर जाते तो?" दादा म्हणाले, "पडला एकदा. लोकांना वाटलं नाचून राहिला."

काकू पोह्यांची परात उचलून आत गेल्या.

मजुरी ठरवायची कल्पना दादांचीच. त्यांनी गावातल्या बँडवाल्यांना घरी बोलावलं. कॉलेजची मुलं होती, एक-दोन नोकरदार होते, आणि ज्यांचं घरच वाजवण्यावर चालतं असेही होते. दादांनी भाषण केलं नाही. "माणशी हजार. गाणारा, वाजवणारा, सगळ्यांले सारखे. त्याच्याखाली कोणी चौथऱ्यावर चढायचं नाही. जमत नसंल तर आत्ताच उठा." कोणी उठलं नाही. कीर्तीनंही मान डोलावली.

आयुषनं ऐकलं आणि खांदे उडवले. "दादा, इतने में तो मेरी पूरी शाम की कमाई चली जाएगी." ते खोटं होतं. शनिवारी त्याच्याकडे बसायला जागा मिळत नसे. तरी दोन महिने चौथरा रिकामा राहिला. सगळे टिकले. दर शनिवारी संध्याकाळी दादा स्कूटरवरून त्या कॅफेसमोरून एक चक्कर मारायचे आणि मला फोन करायचे. "वाजणं बंद आहे," एवढंच म्हणायचे. आवाजात लहान मुलासारखा आनंद असायचा.

तिसऱ्या महिन्यातल्या एका शनिवारी फोन आला. "चल."

आम्ही आत शिरलो तेव्हा कीर्ती चौथऱ्यावर एकटी उभी होती. मागे स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं संगीत चालू होतं आणि ती त्यावर गात होती. आम्हाला पाहून तिचा एक शब्द घसरला, तो तिनं सावरला. दादा सगळ्यात पुढच्या टेबलावर जाऊन बसले. पूर्ण गाणं ऐकलं. टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, निभावलं.

तिनं दुसरं गाणं सुरू केलं तसे दादा उठले. खिशातून दहाची नोट काढली, चौथऱ्यावर चढले, आणि वरातीत नवरदेवावरून ओवाळतात तशी ती नोट कीर्तीच्या डोक्यावरून ओवाळून तिच्या पायाशी टाकली.

"उचल," ते मराठीत म्हणाले, अगदी हळू. "ताल चुकू देऊ नको."

त्या खोलीत याचा अर्थ फक्त तिला आणि मला कळला. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा खूश झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मागच्या टेबलावरची दोन पोरं हसत हसत वर आली आणि त्यांनीही नोटा ओवाळल्या. कीर्ती माईक हातात घेऊन उभी होती. तोंड उघडं, आवाज नाही. संगीत तिच्याशिवाय पुढे चाललं होतं. दादा खाली उतरले आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

मी त्यांच्यामागे धावले. "दादा, हे बरं नाही केलं."

"बरं करायले गेलोच नव्हतो."

"अहो, पोर आहे ती."

"माझा बाप म्हातारा होता," म्हणाले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

मी आत गेले तोवर कीर्ती मागच्या दारानं निघून गेली होती. नोटा चौथऱ्यावर तशाच पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी घमापुरला तिच्या घरी गेले. तिनं मला बसायलाही सांगितलं नाही. "दीदी, मला फक्त गायचं होतं," ती म्हणाली. "दो महीने से गाया नहीं था. पैसों का मैंने सोचा ही नहीं." मग म्हणाली, "आता तुम्ही जा." त्यानंतर ती कुठल्याच चौथऱ्यावर चढली नाही. एका छोट्या शाळेत लहान मुलांना प्रार्थना शिकवायला लागली. दादांच्याच गल्लीत राहायची. ते समोरून आले की ती रस्ता ओलांडायची.

तिच्यानंतर आयुषला फुकट गाणारं कोणी मिळालं नाही. एका शनिवारी त्यानं दादांना बोलावून घेतलं. दादांनी मला सोबत नेलं, इस्त्रीचा शर्ट घातला.

"ठीक है दादा," आयुष म्हणाला. "हजार पर हेड. मंज़ूर." दादांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आयुष तशाच गोड आवाजात पुढे म्हणाला, "पर हेड दो ही लेंगे. गिटार और सिंगर. ड्रम का तो मशीन में आ जाता है."

दादा चौथऱ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, असं असेल तर आपण नाही म्हणू.

"काहून? त्यानं रेट दिला. आपण रेटच मागितलता." बाहेर आल्यावर म्हणाले, "तू जा. दुसरी गाणारी पाहून घे. पण रेटनं जा."

मी गेले. मला आजही ते पैसे मिळतात, दर वेळी, वेळेवर. आयुषचं पाहून दुसऱ्या कॅफेवाल्यांनीही तसंच केलं; रेट दिला आणि माणसं कमी केली. गावातल्या ड्रमवाल्यांची कामं गेली. कमानिया गेटच्या चहाच्या टपरीवर त्यांतला एकजण दादांना म्हणाला, "दादा, पहले कम से कम पिज़्ज़ा तो मिलता था." ही गोष्ट दादांनीच मला सांगितली, अगदी सपाट आवाजात.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"वाटते ना. पण मजुरी मागितली अन् काम गेलं, म्हणून मागणं चुकीचं होत नाही. काम देणारा कसा आहे, ते समजते फक्त."

माझा कार्यक्रम झाला की रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. कसं वाजवलं हे ते कधी विचारत नसत. "दिले का?" मी हो म्हटलं की, "अच्छा, चलो," म्हणून ठेवून द्यायचे. काकू सांगायच्या, दुपारी ड्रमचा आवाज नको म्हणून उशी मांडीवर घेऊन वाजवत बसतात. दोन उशा फाटल्या.

मी एकदा कीर्तीचा विषय काढला. म्हणाले, "तसा आवाज या गावात दुसरा नाही."

"मग जाऊन सांगा की तिला. समोर तर राहते."

"माफी मागितली तर ती पुन्हा फुकट गाईल."

"दादा, ती आता गातच नाही."

ते उशीवरची बोटं थांबवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते पाहिलं मी," आणि पुन्हा वाजवायला लागले.

हिवाळ्यात एका पहाटे ते झोपेतच गेले. नर्मदेच्या ग्वारीघाटावर अंत्यसंस्काराला बँडवाले सगळे आले होते, ज्यांनी बोलणं सोडलं होतं तेही. कीर्ती नव्हती.

तेरवीनंतर आयुषचा फोन आला. आवाज ओला होता, आणि मला वाटतं, तो खरंच ओला होता. "दीदी, दादा के नाम एक शाम करते हैं. सारे बैंड आएंगे. पेमेंट का तो सवाल ही नहीं, श्रद्धांजलि है." मी विचार करून सांगते म्हणाले. दादांसाठी नाही म्हणायचं कसं?

त्याच संध्याकाळी कीर्तीचा फोन आला, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"मलाही बोलावलं त्यानं. तुम्ही जाणार?"

"दादांसाठी आहे गं."

"दादांसाठी आहे तर तिकीट काहून ठेवलं? तीन सौ रुपये है, दीदी. पोस्टर पाहिलं नाही तुम्ही?" तिचा आवाज अगदी कोरडा होता. "मी सगळ्यांना फोन करून राहिले. कोणी जाणार नाही. पहले रेट दे, फिर श्रद्धांजलि."

मी विचारलं, "तू माफ केलंस त्यांना?"

"नाही," ती म्हणाली. "मी मरेपर्यंत नाही करणार. पण फुकट गायल्यावर काय होते, ते मला माहीत आहे. तुम्हाला नाही माहीत."

सगळ्यांनी आयुषला तेच उत्तर दिलं, मीही दिलं. तो चिडला नाही. त्यानं कार्यक्रम रद्दही केला नाही. तिकिटं विकली गेली होती. काकूंना त्यानं प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं आणि त्यांच्याकडून दादांचा ड्रमसेट मागून नेला होता. काकू मला म्हणाल्या, एकटीला नाही जमणार, तू सोबत चल. म्हणून मी गेले.

कॅफे गच्च भरलं होतं. चौथऱ्यावर ड्रमसेट, त्याच्यावर झेंडूची माळ, मागे दादांचा मोठा फोटो. आयुष दोन मिनिटं बोलला, दादांना गावाच्या संगीताचा आधारस्तंभ म्हणाला. मग त्यानं कुणाला तरी खूण केली आणि स्पीकरवर रेकॉर्ड केलेली गाणी सुरू झाली. लोकांनी जेवण मागवायला सुरुवात केली. काकू पहिल्या रांगेत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, चौथऱ्याकडे बघत बसल्या होत्या. दोन-तीन गाणी झाल्यावर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"कोणी वाजवत काहून नाही?"

मला खोटं सुचलं नाही. "काकू, तो पैसे देत नव्हता. दादा गेल्यावर त्यांच्याच नावानं फुकट कोणी वाजवायला तयार नव्हतं."

स्पीकरवरचं गाणं संपलं, मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या, दुसरं सुरू झालं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "यांना आवडलं असतं."

मी मान हलवली.

"मले नाही आवडलं," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "ते ड्रम सोडव तिथून. घरी घेऊन जाऊ."

आम्ही दोघी चौथऱ्यावर चढलो. मी माळ काढून फोटोवर टाकली आणि स्क्रू ढिले करायला लागले. स्पीकर चालूच होता. काकूंनी मोठा ड्रम उचलून कडेवर घेतला, आणि टेबलांमधून वाट काढत त्या दाराकडे निघाल्या. जेवणाऱ्या लोकांनी खुर्च्या सरकवून त्यांना जागा करून दिली.