दीड तासाची बाटली

औषधांच्या बाबतीत मी भांडखोर आहे. जालन्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीत मी बसते. कोणी पाच दिवसांच्या गोळ्यांपैकी दोनच दिवसांच्या मागितल्या, की मी चिठ्ठी परत सरकवते आणि पाच दिवसांच्या का घ्यायच्या ते ऐकवते. मागे रांग लागली तरी ऐकवते. आमच्या घरात फार्मसी शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे अंगात थोडी मिजासही आहे. पण त्या हिवाळ्यात माझी माय वरच्या मजल्यावर भरती झाली आणि माझी सगळी मिजास पणाला लागली.

माय आणि बाबा कुंभार पिंपळगावला राहतात. माय कापूस वेचायला जाते. वेचणीत पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, धसकट पायात घुसलं, तिने हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात गेली. मला कळवलं नाही, कारण मी ओरडले असते. पाय सुजल्यावर गावातूनच गोळ्या आणल्या, दोन दिवसांत ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. लेक जालन्यात बसून जगाला शहाणपण शिकवत होती आणि घरात हा कारभार! ती दवाखान्यात आली तोवर जंतू पायातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात पोचले होते.

पायातला पू काचेवर पसरून जांभळा रंग टाकून तपासला. काही जंतू तो रंग सोडत नाहीत, कारण त्यांची भिंत जाड असते. मायचे जंतू त्याच जातीचे, द्राक्षांच्या घडासारखे चिकटून बसलेले. पुढच्या तपासणीत कळलं की नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत. मग डॉक्टर मॅडमनी व्हॅन्कोमायसिन सुरू केलं.

बाबा गवंडीकाम करतात. ते खाटेच्या पायथ्याशी बसून सारखे विचारायचे, "हे औषध नेमकं करतं काय?" मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात धरतात. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. या जंतूंनी गवंडीच बदललाय, त्याचे हात त्या औषधांना सापडत नाहीत. व्हॅन्कोमायसिन गवंड्याच्या नादी लागत नाही, ते विटेलाच जाऊन चिकटतं.

"बराबर हाय," बाबा म्हणाले. "ईटच बसली न्हाई तर मिस्तरी काय करन?"

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. इतकं सोपं करून कॉलेजात आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मायचा ताप जरा उतरला. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीतला फोन वाजला. वरची सिस्टर म्हणाली, "ताई, लवकर या, मावशींना रिअ‍ॅक्शन आलीय." मी जिना कसा चढले आठवत नाही. मायचा चेहरा, मान, छाती लालबुंद झाली होती आणि ती दोन्ही हातांनी खाजवत होती. सिस्टरने बाटली बंद केली होती. मॅडमनी खाजेचं इंजेक्शन दिलं, रक्तदाब पाहिला आणि फाइलवर लाल शाईने लिहिलं: व्हॅन्कोमायसिनची अ‍ॅलर्जी, पुन्हा देऊ नये.

उरलेली दोन औषधं मला ठाऊक होती. एकाने रक्तातल्या प्लेटलेट घटतात, आणि मायच्या आधीच घटलेल्या होत्या. दुसरं रक्तात जोरात चालतं, पण फुप्फुसाच्या आतला स्निग्ध थर त्याला निकामी करतो. ती लाल ओळ तशीच राहिली तर माझी माय हातची जाणार होती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आणि भीती वाटली की मला राग येतो. रागातच मी बाटलीकडे पाहिलं. हे औषध आमच्याकडे दीड तासात देतात. सिस्टरने दहाला लावली होती. आता जेमतेम साडेदहा झाले होते आणि बाटलीत तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. हे औषध घाईने गेलं तर अंगातल्या पेशी खाज आणणारं द्रव्य एकदम सोडतात आणि माणूस असाच लाल होतो. मायचा श्वास मोकळा होता, ओठ सुजले नव्हते, रक्तदाब ठीक होता. खरी अ‍ॅलर्जी अशी नसते.

"नळीवरचं चाक कोणी फिरवलं?" मी विचारलं.

सिस्टर रडवेली झाली. "शपथ ताई, मी थेंब मोजून गेले होते." बाबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

आमच्या गावाची एक रीत आहे. बाजाराच्या दिवशी अंग दुखतं म्हणून माणसं सलाईन लावून घेतात, आणि परतीची जीप सुटायच्या आत बाटली संपवायची असते. नळीवरचं ते छोटं चाक फिरवून धार सोडणारा माणूस हुशार समजला जातो. बाबा त्यात वाकबगार. शेजारच्या खाटांवरचे लोकसुद्धा त्यांना हाक मारायचे.

"बाबा, खरं सांगा."

"म्या फिरवलं," ते म्हणाले. "तीन दिस बघून राह्यलो, थेंब थेंब, थेंब थेंब. म्हणलं औषध जल्दी गेलं तर तिला जल्दी गुण येईल. माह्यामुळं झालं का गं हे?"

त्यांना मी जंतूची भिंत समजावली, वीट समजावली, आणि चाकाला हात लावू नका एवढं साधं वाक्य सांगितलं नव्हतं. माझी हुशारी मला तेव्हा चांगलीच झोंबली.

"तुमच्यामुळे झालं," मी म्हणाले, "आणि तुम्ही खरं सांगितलं म्हणून ती वाचणार आहे. चला."

मी मॅडमना दारातच गाठलं. औषधं काढून देणाऱ्या बाईने फाइलवरच्या ओळीशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही. मी घातला. बाबांनी हात जोडून सगळं पुन्हा सांगितलं. मॅडमनी मायची छाती पुन्हा तपासली आणि बाटली उजेडात धरून पाहिली. मग लाल ओळीवर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: अ‍ॅलर्जी नाही, वेगामुळे लाली. पुढची बाटली दोन तासांत. "आणि तुम्ही इथेच बसायचं," त्या मला म्हणाल्या.

संध्याकाळी, आधी खाजेचं इंजेक्शन देऊन, बाटली लागली. दोन तास मी आणि बाबा मायच्या मानेकडे बघत बसलो. मान सावळीच राहिली. माय वैतागून म्हणाली, "काय मले पहिल्यांदाच पाहून राह्यले का दोघं?" बाटली संपली तेव्हा बाबांनी भर वॉर्डात टाळ्या वाजवल्या, आणि सिस्टरने त्यांना दटावलंसुद्धा नाही.

पुढे औषध आठवडेच्या आठवडे चाललं. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून तपासण्या झाल्या, मी प्रत्येक आकडा पाठ केला. मायचं रक्त प्रयोगशाळेत पुन्हा गेलं होतं. तिथे ते पोषक द्रवाच्या बाटलीत उबेला ठेवतात, जंतू शिल्लक असले तर वाढतात. नमुना गेल्यापासून पाचव्या दिवशी अहवाल माझ्या खिडकीत आला: वाढ नाही. समोर लोक चिठ्ठ्या धरून उभे होते. मी खिडकी तशीच टाकून वर धावले आणि खाटेपाशी चक्क नाचले.

"माय, तुझ्या रक्तात काहीच उगवलं नाही!"

तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "सारी जिंदगी उगवावं म्हणून राबले," ती म्हणाली, "अन् उगवलं न्हाई म्हणून नाचणारी माही लेक एकलीच." आणि पाय खाली टेकवून, कोणाचाही हात न धरता, ती उभी राहिली.