आक्काकडे, वजन उतरवायला

तासगावच्या स्टँडवर मला निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाने काही ना काही खायला आणलं होतं. कुणी शेंगदाण्याच्या पोळ्या, कुणी बेदाणे, आमच्या हेडमास्तरांनी तर तुपातल्या लाडवांचा डबा. मी विरारला निघालो होतो तो वजन उतरवायला, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी प्रवासाला निघालेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? मी ते सगळं बायकोच्या हातात दिलं आणि बसच्या खिडकीत बसून लाडवांकडे शेवटचं बघून घेतलं.

कारण सांगतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, लग्न होऊन वीसेक वर्षांपूर्वी विरारला गेली. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर (यंत्राने रक्त शुद्ध करण्यावर) ती जगत होती. तिला मूलबाळ नाही. माझं मूत्रपिंड तिला जुळत होतं. फक्त तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, इथं आमच्या नजरेखाली राहून दहा-बारा किलो उतरवा. तोवर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. वैतरणा आणि उल्हास या नद्या मुलांना किती वर्षं नकाशात दाखवल्या, पण त्यांच्यामधला मुलूख मी नीट पाहिला तो या बसमधून; तपासणीला रात्रीच्या गाडीने आलो-गेलो होतो. घोडबंदरच्या पुढे खाडी आली, मग डोंगर. पावसाळ्याचे दिवस असल्याने चिंचोटीच्या फाट्याजवळ धबधब्याला निघालेल्या पोरांची झुंबड होती. विरार फाट्यावर दाजी (बहिणीचे यजमान) छत्री घेऊन उभे होते. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बापू, रिक्षात मागं तुम्ही एकटेच बसा."

फुलपाड्यातल्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की समोरच्याच्या कुकरची शिट्टी आपलीच वाटते. आक्का दुसऱ्या मजल्यावर. दार तिनेच उघडलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "किती वाळलायस रं! बायको जेवाय घालती का न्हाई?" विरारमध्ये इतकी वर्षं राहूनही माझ्याशी बोलताना ती तासगावचीच होई.

दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला बजावलं की नुसतं उपाशी राहाल तर चरबीआधी अंगातलं मांस झिजेल, रक्त उतरेल आणि ऑपरेशन पुढे जाईल. भात, साखर, तेल कमी करा, पण प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. आक्कालाही प्रथिनं हवीत, कारण यंत्र रक्तातली घाण काढताना तीही थोडी नेतं. शिवाय तिला पाणी मोजकं, आणि काही गोष्टी अगदी बंद. त्यांनी बरीच नावं घेतली. आमच्या लक्षात राहिलं ते केळं आणि शहाळं, कारण वसईत पावलोपावली तेच दिसतं.

प्रथिनं म्हटल्यावर मला घाई सुटली. फुलपाड्याच्या नाक्यावर एक व्यायामशाळा होती. तिथल्या पैलवानाने चॉकलेटच्या वासाच्या प्रथिनांच्या पावडरचा मोठा डबा माझ्या गळ्यात मारला. "सर, जेवण स्किप करायचं, दोन टाइम शेक मारायचा. महिन्यात मख्खन!" मी जेवणाच्या जागी दोन ग्लास घुसळून प्यायलो आणि त्याच सकाळी दाजींबरोबर चांदीपला निघालो. तिथे त्यांच्या ओळखीचं एक शेतकरी कुटुंब होतं, त्यांच्याकडून गावठी अंडी आणायची होती. बस गावाबाहेर पडते न पडते तोच पोटात ढोल वाजू लागले. पुढचं सांगत नाही. चांदीपच्या हिरव्यागार खाचरांचं वर्णन मला नीट करता येत नाही, कारण मी आडोसा शोधण्यापलीकडे काही पाहिलंच नाही.

लावणी चालू होती. त्या घरची बाई गुडघाभर चिखलातून वर आली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "भाऊ, बसा पयले. पानी देते, ताक देते. काय खाल्लंत?"

"पावडर," मी म्हणालो.

"कसली? उंदराची?"

अंडी घेऊन परत निघालो तरी दाजींचं हसू थांबेना; हसून हसून ते बांधावरून घसरले आणि दोन अंडी फुटली. ही हकीकत ऐकल्यावर आक्का इतकी हसली की तिला धाप लागली. कितीतरी दिवसांनी ती हसली, असं दाजी मला मागून म्हणाले. मला त्या पावडरचे उपकारच वाटले.

आहाराच्या बाईंनी डबा बंद करायला लावला. त्यात काय कालवलंय ठाऊक नाही, तपासण्या व्हायच्यात, आणि तोंडात दात आहेत तर चावून खा, असं त्या म्हणाल्या. मग आमचं स्वयंपाकघर दोन ताटांचं झालं. सकाळी मला उकडलेली अंडी, आक्काला त्यातलं नुसतं पांढरं. मला मटकीची उसळ, वाटीभर घट्ट डाळ, ताक आणि एकच भाकरी. मी दुसऱ्या भाकरीकडे पाहिलं की आक्काचा जीव कासावीस होई. "घे की अर्धी. डॉक्टर काय बघाय आलाय?" आयुष्यभर जिने मला भरवलं तिलाच माझ्या ताटातलं काढून घ्यावं लागत होतं. ते तिला दुखण्यापेक्षा जड जात होतं.

मासे खायचे म्हणून अर्नाळ्याला गेलो. आमच्याकडे मासा म्हणजे नदीचा, तोही यात्रेला. किनाऱ्यावर माशांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांपैकी एकीला मी बिनकाट्याचा मासा मागितला. "ओ भाऊ, बिनकाट्याचा गुलाब आनि बिनकाट्याचा म्हावरा कुठं मिलतो?" असं म्हणत तिने ओले बोंबील माझ्या पिशवीत टाकले. बोंबील मात्र लोण्यासारखे मऊ निघाले. आक्कालाही दोन घास गेले.

संध्याकाळी मी वसईच्या वाड्यांमधून चालत असे. एकदा निर्मळच्या बाजूला एक म्हातारे ख्रिस्ती बागायतदार केळीच्या वाडीत भेटले. बायकोशी ते आपल्या घरच्या बोलीत बोलले, त्यातलं मला निम्मंच कळलं. माझ्याशी मात्र शुद्ध मराठी. मी कशासाठी आलोय हे ऐकून त्यांनी लगेच केळ्यांची फणी उतरवली. "बहिणीला न्या."

"तिला केळं बंद आहे, बाबा."

त्यांनी फणी खाली ठेवली. "वसईत राहायचं आणि केळं नाही?" मग त्यांनी सोनचाफ्याची फुलं ओंजळभर दिली आणि म्हणाले, "रविवारी चर्चमध्ये मिसाला तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करीन." मला तासगावच्या स्टँडवर डबे घेऊन आलेली माणसं आठवली आणि तिथेच डोळे भरून आले.

विरारच्या डोंगरावरच्या जीवदानी देवीच्या पायऱ्या रोज चढता चढता वजन उतरत होतं. श्रावण लागला तशी आक्काने स्वतःची अंडी आणि मासे बंद केले. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. "तू खा. तुझ्या वाटचं पाप मी फेडती," एवढंच ती म्हणाली. दाजींनी हात जोडले, उपयोग झाला नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. त्या दिवशी मी दवाखान्यात गेलो होतो. वजन हवं तेवढं उतरलं होतं, रक्त चांगलं होतं, आणि डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारून ऑपरेशनची तारीख ठरवू असं सांगितलं. मी धावतच घरी आलो. आक्का देवापुढे बसली होती. बातमी ऐकून तिने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "माझा उपास पावला," ती म्हणाली.

उपास म्हटल्यावर मी थोडा चरकलो होतो, पण तिने केळ्याला हात लावला नव्हता. "केळं न्हाई खायचं, ठाऊक हाय मला," ती म्हणाली. तिने रताळी उकडली होती, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, आणि शेजारच्या बाईंनी खजूर आणून दिला होता. कित्येक आठवडे अन्नावर वासना नसलेली आमची आक्का त्या दिवशी पोटभर जेवली. रताळी तर तिने मागून घेतली. दाजी आणि मी समोर बसून बघत होतो. इतका आनंद मला लाडू खाऊनही कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुरणाची डाळ निवडायला बसली आणि तिला उठता येईना. "बापू, पायातलं बळच गेलं बघ," ती म्हणाली. आम्ही तिला रिक्षात घातलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. दवाखान्यात डॉक्टर धावत आले, त्यांनी कसला तरी कागद यंत्रातून काढून पाहिला आणि विचारलं, "काल यांनी काय खाल्लं?"

"काही नाही," दाजी म्हणाले. "उपास होता."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग हळूच विचारलं, "उपासाला काय खाल्लं?"

रताळं, बटाटा, दाणे, खजूर. केळ्यात जे पोटॅशियम असतं तेच या सगळ्यात भरलेलं असतं. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही आणि मग हृदय थांबतं. हे सगळं मला नंतर समजावून सांगण्यात आलं. बाईंनी घेतलेल्या नावांत तीही नावं असणार. पण उपासाच्या फराळाने कुणाचं वाईट होतं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं असतं? दुपारपर्यंत आक्का गेली. तिने उपास माझ्या आयुष्यासाठी धरला होता. हे मी कुणापाशी बोलू? दाजींपाशी बोलता येत नव्हतं, ते आधीच भिंतीकडे तोंड करून बसले होते.

तेराव्यानंतर मी त्याच रस्त्याने परत निघालो. दाजी फाट्यापर्यंत आले. पावसाने उघडीप दिली होती आणि रस्त्याकडेला श्रावणातलं ऊन पडलं होतं. मी डोळे मिटून घेतले.

तासगावला उतरलो तर स्टँडवरच दोघा-तिघांनी अडवलं. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. "मास्तर, लई बारीक झालासा की! तब्येत एकदम झकास. काय खाल्लंसा तिकडं?" मी त्यांना सांगितलं, अंडी, डाळ, ताक, मासे. खरंच होतं ते. मग घराकडे चालत निघालो. पायऱ्या चढून चढून पाय हलके झाले होते, दम लागत नव्हता. इतकं निरोगी मी आयुष्यात कधी नव्हतो, आणि त्याची मला लाज वाटत होती.

भाऊ बहिणीच्या घरी जातो तेव्हा माहेरचं काहीतरी घेऊन जातो. पोचवून येताना पिशवी रिकामी असते. मी जे द्यायला गेलो होतो ते अजून माझ्या डाव्या कुशीत आहे, चांगलं चालतं.