पाठीवरचा खो

आखडलेल्या खांद्यासाठी मी लातूरला फिजिओथेरपीला जायचो, तेव्हा शेजारच्या गादीवर औशाची एक खो-खो खेळणारी पोरगी असायची. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेलं, ऑपरेशन करून नवं बसवलेलं. पाय लांब करून ती बसायची. व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "उचल." मांडी हलायचीसुद्धा नाही. पोरगी रडायची नाही. रुसलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा मांडीवरून हात फिरवायची.

एकदा मॅडम दुसऱ्या पेशंटकडे होत्या. तिनं माझ्याकडे पाठ वळवली.

"काका, 'उचल' म्हणलं तर पाय ऐकतच न्हाई. तुम्ही खो द्या."

"अगं, त्यानं काय होणार?"

"खो मिळाल्यावर बसून ऱ्हाता येत न्हाई, काका."

मी धड असलेल्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि जोरात ओरडलो, "खो!"

टाच गादीवरून सुटली. वीतभरही नाही, पण सुटली. खोलीतले सगळे त्या थरथरत्या पायाकडे बघत राहिले. ती मात्र पायाकडे बघतच नव्हती. समोर कुणीतरी पळत सुटलंय आणि आता आपल्याला त्याला पकडायचंय, अशी तिची नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर धावत होती.