नकाशातली मोकळी जागा

नामांतराच्या मोर्चांचे दिवस होते. परभणीतल्या एका कचेरीत मी शहराचे नकाशे काढायचो, आणि नाल्याकाठच्या बुद्धवाड्यातली एक म्हातारी दर सोमवारी माझं डोकं उठवायला यायची. नाव मी कधी विचारलं नाही. चपला दाराबाहेर काढायची, पदराला हात पुसायची आणि टेबलावरचा नकाशा सरळ फिरवून ठेवायची.

"आजी, उत्तर वर असते!" मी ओरडायचो.

"असंल. पण नाला तिकडं हाय," ती खिडकीबाहेर बोट दाखवायची. "आमची घरं कुठं हायत ते दावा."

मी नकाशा पूर्ववत करायचो, ती पुन्हा फिरवायची. शेवटी वैतागून मी म्हणालो, "हे हिरवं बघा. इथं बाग होणार, शहराला सावली मिळणार. सध्या नुसती मोकळी जागा आहे."

"मोकळी? मंग मी सकाळी कुठून आले? अन् आमचे लिंब?"

झाडं नकाशात दाखवायची पद्धत नव्हती. झोपड्यांचीही नव्हती. हे तिला कोण समजावणार?

वस्ती गावाबाहेर गेली. आखणीच्या आड येतात म्हणून नाल्याकाठचे जुने कडुलिंब तोडले आणि गुलमोहराची बोटाएवढी रोपं लावली. उद्घाटन भर उन्हाळ्यात ठेवलं, त्यामुळे पाहुण्यांच्या सावलीसाठी मांडव घालावा लागला. मांडवाचे खांब त्याच लिंबांचे होते. त्यातल्या एका खांबाला हात लावून ती उभी होती.

मी तिला ओळख दाखवली नाही.